माझ्या भाषणातले आबा

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या मोठ्या बहिणीचा. मी तिला अक्का म्हणतो. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि अक्का नववीत. त्या वर्षापासून माझ्या डब्यातली भाकरी तिच्या हातची. पुढे तिचं लग्न जालन्यात झालं. दाजी एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी अकरावीला राहायला गेलो आणि बी.एड. होऊनच बाहेर पडलो. दाजी पाळी करून यायचे तेव्हा मी खाटेवर पुस्तकं पसरून बसलेलो असायचो. ते खाली चटई टाकून झोपायचे. मी उठायला लागलो की अक्का म्हणायची, "बस तू. त्यांना कुठंबी झोप येती."

ही अक्का आबा गेल्यापासून माझ्याशी नीट बोललेली नाही. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांचं वर्षश्राद्ध आता जवळ आलं आहे. ते गावच्या घरी करायचं आहे. अक्का येईल की नाही, मला माहीत नाही. ती आली नाही तर तिला दोष देता येणार नाही, एवढं मात्र माहीत आहे.

शहागडच्या अलीकडे, हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. आबांचा तिथे लाउडस्पीकरचा धंदा होता. आवाज वाढवणारं एक मशीन, दोन मोठे कर्णे, पुढे घेतलेले स्पीकरचे दोन डबे, माईक, आणि वायरींची भेंडोळी. लग्न असो, जयंती असो, सप्ताह असो, शाळेची पंधरा ऑगस्ट असो, आसपासच्या गावांत आबांचाच सेट लागायचा. आमची थोडी शेती होती, ती वाट्याने दिलेली. आबांचं मन मातीत कधी रमलं नाही. त्यांचं मन माईकमध्ये होतं.

कामावर जाताना ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. केसांना तेल, खिशात कंगवा. कर्णा बांधायला कडुलिंबावर चढायचं असलं तरी शर्ट पांढराच. "मशीनपाशी बसणारा मानूस सगळ्या मांडवाला दिसतो," असं ते म्हणायचे. लग्नात नवरदेवाची वरात आली, पाहुण्यांच्या गाडीने कुणाची वाट अडवली, कुणाचं लेकरू चुकलं, कुणाची चप्पल बदलली, हे सगळं आबांच्या आवाजात गावाला कळायचं. "वरबापांना विनंती, मांडवात जल्दी यावं, मुहूर्त काय आपल्यासाठी थांबून राह्यला न्हाई," असं ते म्हणाले की मांडव हसायचा. पंगत बसली की यजमान ओरडायचे, "आधी स्पीकरवाल्याला वाढा रे, न्हाईतर बंद करंल मशीन!" आबा मानाच्या पंगतीत बसायचे, जेवायचे आणि घरी येऊन जेवणाला नावं ठेवायचे. वरणाला फोडणी करपली, बुंदी कडक झाली, भात गिचका. अक्का म्हणायची, "आबा, फुकटचं खाऊन वर नावं ठेवता का?" ते म्हणायचे, "फुकटचं कसं? दिवसभर गावाला बोलून राह्यलो मी."

हे आमचे आबा. आता माझ्या भाषणातले आबा सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एड. झालो, बदनापूरजवळच्या एका शाळेत लागलो, त्याच वर्षी गावच्या शाळेने माझा सत्कार ठेवला. असे सत्कार आमच्याकडे सगळीकडे होतात. त्यांची एक रीत ठरून गेली आहे. शाल, नारळ, हार, आणि मग सत्कारमूर्तीने आपली गरिबी सांगायची. कुणी चिमणीच्या उजेडात शिकलेला असतो, कुणी अनवाणी शाळेत गेलेला असतो. माझ्या आधी गावातल्या एका मुलाचा पोलिसात लागला म्हणून सत्कार झाला होता, तेव्हा त्याने आईचं जुनं लुगडं पांघरायचो असं सांगितलं होतं आणि बायका रडल्या होत्या. कार्यक्रमाआधी हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा परिस्थिती सांगा. पोरांना प्रेरणा मिळते. नुसता अभ्यास करा म्हणलं की ऐकत न्हाईत."

माझ्याकडे सांगायला परिस्थिती होती का? थोडी होती. एका दुष्काळी उन्हाळ्यात आसपास लग्नंच कमी झाली, तेव्हा आबा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले होते. हाताला फोड आले म्हणून त्यांनी घरी आरडाओरडा केला होता आणि पाऊस पडताच ते काम सोडून परत मशीनपाशी आले होते. एवढंच. पण मी माईकपुढे उभा राहिलो आणि तो एक उन्हाळा मी आबांच्या सगळ्या आयुष्यावर पसरून टाकला.

मी म्हणालो, "माझे वडील दगड फोडायचे. त्यांच्या हातावरचे घट्टे पाहत मी शिकलो. घरात एकच भाकरी असायची. ते ती माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, मला भूक नाही. कित्येक रात्री आम्ही पाणी पिऊन झोपलो."

त्या भाषणात अक्का कुठेच नव्हती. मी तिला मुद्दाम वगळलं असं नाही. पण अक्का आली की चूल यायची, चूल आली की भाकरी यायची, आणि मग पाणी पिऊन झोपता येत नव्हतं.

सेट आबांचाच होता. शाळेच्या मैदानात लिंबाखाली टेबल, टेबलावर मशीन, आणि मशीनपाशी पांढऱ्या शर्टातले आबा. मी "पाणी पिऊन झोपलो" म्हणालो तेव्हा माझा आवाज खरोखर भरून आला आणि खाली गेला. मागच्या मुलांपर्यंत तो पोचत नसावा. आबांनी बटण फिरवून आवाज वाढवला. मला ते दिसलं. सगळं मैदान मान वळवून त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते मशीनकडे बघत होते.

शेवटी हेडमास्तरांनी त्यांना पुढे बोलावलं. शाल दिली. माईक त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "दोन शब्द बोला." ज्यांनी आयुष्यभर त्या माईकवर गावाला हसवलं, ते म्हणाले, "मशीन पाहावं लागतं," आणि परत लिंबाखाली जाऊन बसले. लोकांना वाटलं, साधा माणूस, गहिवरला. टाळ्या वाजल्या.

सामान बैलगाडीत घालून आम्ही घरी निघालो. बराच वेळ आबा वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "आवाज बराबर गेला. लास्टपर्यंत गेला."

"हो आबा."

"पानी पिऊन कवा झोपलो रे आपण?"

त्यांनी रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. एखादी रात्र आपण विसरलो की काय, अशा सुरात.

मी म्हणालो, "भाषणात तसं म्हणावं लागतं, आबा."

"हां," ते म्हणाले. "मंग बराबर."

मला वाटलं, विषय संपला. शिकलेल्या मुलाचं भाषण वडिलांना पुरतं कळलं नसेल, असंही वाटलं. हे लिहिताना आज हात थांबतो. पण तसं वाटलं होतं हे खरं आहे.

ते भाषण गाजलं. अंबड, भोकरदन, परतूर, जिथे कुठल्या शाळेत मार्गदर्शनाचा कार्यक्रम असेल तिथे मला बोलावणं यायला लागलं. मी जात राहिलो. भाषण दर वेळी थोडं सुधारत गेलं. कुठे थांबलं की मुलं गप्प होतात, कुठे आवाज बारीक केला की शिक्षिका पदर डोळ्याला लावतात, हे मला कळायला लागलं. एका शाळेत मी पाण्याला तांब्या जोडला. आबांनी मध्यरात्री उठून माझ्या तोंडाला पितळी तांब्या लावला, असं म्हणालो. ते इतकं जमलं की तांब्या पुढे कायमचा राहिला. लोक पाया पडायला यायचे. "तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा," असं म्हणायचे. मी सांगितला नाही. काय म्हणून सांगणार होतो?

मला पैशाची हाव नव्हती, नावाचीही फार नसावी. मला खरंच वाटायचं की मी आबांचे उपकार फेडतोय. कृतज्ञता म्हणजे वडिलांना जितकं गरीब दाखवता येईल तितकं दाखवायचं, असं माझ्या डोक्यात कसं बसलं, मला सांगता येत नाही. पण बसलं होतं. माझ्यासारखे आणखीही बरेच असतील.

आबा माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला पुन्हा आले नाहीत. माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं तेव्हा मी हौसेने फोन केला, "आबा, या वेळी सेट आपलाच लावू. मी शाळेत सांगितलंय." ते म्हणाले, "सेट बिघडला." पुढच्या वर्षी विचारलं तेव्हाही बिघडलेलाच होता. तोवर गावोगाव डीजे आले होते. मला वाटलं, धंदा बसला, आबा हिरमुसले.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना आबा गेले. आधी ताप, मग दवाखाना, मग घरी आणलं आणि गेले.

दहाव्याचा विधी शहागडला गोदावरीच्या काठावर झाला. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. पिंड ठेवलेले असतात, लोक कावळ्याची वाट पाहत असतात, आणि तेवढ्या वेळात माईकवरून कुणी ना कुणी बोलत असतं. सेट भाड्याचा होता. गावचे दोघे बोलले, मग माझं नाव पुकारलं. मुंडण केलेल्या डोक्यावर टॉवेल टाकून मी उभा राहिलो. मला वेगळं काही बोलायचं होतं. आदल्या दिवशी विचारही केला होता. पण माईक हातात आला आणि तोंडातून तेच निघालं. "माझे वडील दगड फोडायचे..."

बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यातून अक्का उठली. पदर सावरत चिखलातून चालत ती मशीनपाशी गेली. मशीनवर बसलेला तरुण तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला काही विचारलं नाही. बटण धरलं आणि माझा आवाज बंद केला.

मी आणखी एक वाक्य तसाच बोललो. ते फक्त माझ्या शेजारच्यांना ऐकू गेलं.

लोक म्हणाले, लेकीला दुःख सहन झालं नाही. दोघी-तिघींनी तिला धरून खाली बसवलं. पाणी दिलं. ती रडत नव्हती.

घरी आल्यावर लोक पांगले, तेव्हा मी तिला ओसरीवर गाठलं. ती दळणाचा डबा पुसत होती. मी म्हणालो, "अक्का, सगळ्यांसमोर असं करायचं होतं का?"

"सगळ्यांसमोर तूच बोलून राह्यला व्हता. मी तर बंद केलं."

"मी आबांचं चांगलंच सांगत होतो."

"कोणत्या आबांचं? ते दगडफोड्या कोन व्हते? मला दाखव. मी न्हाई पाहिले आपल्या घरात."

"खडी फोडायला गेले होते ना एका उन्हाळ्यात?"

"गेल्ते. आन सांजच्याला येऊन मला म्हनायचे, हाताला तूप चोळ, उद्या माईक धरता आला पाह्यजे." तिने डबा खाली ठेवला. "पानी पिऊन कवा झोपलो आपण, सांग बरं. माझ्या हातची भाकरी खाऊन तू झोपायचा. पानी पिऊन झोपला म्हंजे मी काय करत व्हते? मी मेल्ते का?"

मी म्हणालो, "मला आठवतं गं. तांब्या आठवतो. पितळी."

"आपल्याकडं पितळी तांब्या कवा व्हता? स्टीलची घागर व्हती आन प्लास्टिकचा मग. लाल."

मला खरोखर तांब्या दिसत होता.

मग तिने मला जे सांगितलं, ते आबांनी तिला जालन्याला येऊन वेळोवेळी सांगितलेलं होतं. मशीनचं काही सामान घ्यायला ते जालन्याला जायचे तेव्हा तिच्याकडे जेवायचे.

माझा सत्कार झाला त्याच मोसमात एका लग्नात पंगत उठल्यावर यजमानाची बायको उरलेल्या पुऱ्या आणि बुंदी पिशवीत बांधून आबांकडे घेऊन आली. म्हणाली, "घ्या मामा, घरी न्या. ऐकलं आम्ही तुमच्या पोराचं भाषण. लई सोसलं तुम्ही." पुढच्या लग्नात त्यांना मानाच्या पंगतीत कुणी बोलावलं नाही, ताट मशीनपाशी आणून दिलं, कामाच्या माणसांना देतात तसं. मग एकाने आपल्या वारलेल्या भावाचे कपडे आणून दिले. धुऊन, घडी करून. शेजारच्या गावातले एक गुरुजी भर मांडवात त्यांचा हात हातात घेऊन पोरांना घट्टे दाखवायला लागले. घट्टे नव्हते. गुरुजी म्हणाले, "गेले आता, पण होते."

"आणि आबांनी घेतले कपडे?" मी विचारलं.

"घेतले. पुऱ्या बी घेतल्या. मी म्हनलं, आबा, तोंडावर फेकायच्या. तर म्हने, न्हाई कसं म्हनू? न्हाई म्हनलं तर पोरगं खोटं पडंल."

अक्का इथे थांबली. आतून कुणीतरी तिला हाक मारली, तिने "आले" म्हटलं, पण उठली नाही.

"पांढरा शर्ट घालायचा सोडला त्यांनी. तुला कळलं का? न्हाई कळलं. दगड फोडनाऱ्याच्या अंगावर कडक इस्त्री कशी शोभंल? सगळे शर्ट माझ्याकडं आनून ठेवले. जालन्याला आले की घालायचे आन गांधी चमनपोतर फिरून यायचे. तिथं त्यांना कुनी वळखत न्हवतं. परत जाताना काढून ठेवायचे. तुझे दाजी इस्त्री करून ठेवायचे त्यांच्यासाठी."

मी विचारलं, "आणि सेट बिघडला होता ते?"

"सेट कवाच बिघडला न्हाई, भाऊ. तुझ्या शाळंत येऊन परत ते ऐकत बसायचं का त्यांनी? आवाज वाढवीत?"

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. "हे बी भाषनातलंच करून राह्यला तू," ती म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून मी तिला फोन करत आलो. ती उचलते, तब्येत विचारते, लेकरांचं विचारते, आणि मी मूळ विषयाला हात घातला की म्हणते, "तू बोलायला लागला की समोर शंभर मानसं बसल्यासारखं बोलतो. ठेव आता."

मी ठरवलं की हे निस्तरायचं. जिथे सुरू झालं तिथेच जाऊन. यंदाच्या जुलैत गावच्या शाळेने दहावीच्या मुलांचा सत्कार ठेवला आणि पाहुणा म्हणून मला बोलावलं. हेडमास्तर आता नवे आहेत. मी गेलो. मैदान तेच. माईक हातात घेतला आणि पाठ केल्यासारखं न बोलता, शक्य तितकं सरळ सांगितलं. "माझे वडील गरीब नव्हते. ते कधी उपाशी झोपले नाहीत आणि मीही झोपलो नाही. ते स्पीकरचा धंदा करायचे आणि त्यात हुशार होते. मला माझ्या बहिणीने जेवू घातलं. मी इतकी वर्षं जे सांगत आलो ते खोटं होतं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिव्या देईल. दिल्या तर बरं होईल, असं वाटत होतं.

हेडमास्तर उठले. म्हणाले, "मुलांनो, पाहा. ह्याला म्हणतात बाप. स्वतः उपाशी राहिला, पण घरात गरिबी आहे हे पोराला शेवटपर्यंत कळू दिलं नाही! आणि ह्याला म्हणतात मुलगा. आज मोठा झाला, पण बापाची अब्रू झाकतोय!"

एवढ्या टाळ्या मला पहिल्या भाषणालाही मिळाल्या नव्हत्या. मी "नाही, नाही" म्हणत होतो आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते. उतरताना एक म्हातारी आडवी आली, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "गुनाचं लेकरू," म्हणाली. "तुझा बाप माझ्या दारावरनं खडीवर जायचा, मी पाह्यलाय की. रोज. उपाशी." तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, खडीचा रस्ता तिकडून जात नाही. पण तिला दिसत होतं. मला तांब्या दिसतो तसंच.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला हा पहिला.

"परत माईक धरला म्हने?"

"अक्का, मी खरं सांगितलं. सगळं खरं सांगितलं. तुझंही सांगितलं..."

"मला सांगितलं गावातल्या बायांनी. लई रडल्या म्हने." मागे दाजींच्या खोकल्याचा आवाज येत होता. "आता वर्सश्राद्धाला बी मांडव घाल. मोठा. तुझं तू कर. मी येत न्हाई."

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. गावच्या शाळेने वर्षश्राद्धाच्या दिवशी आबांच्या नावाने कार्यक्रम ठेवायचा म्हणून निरोप पाठवला होता, त्यांना मी नको म्हणून कळवलं. अक्काला पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, कारण दर वेळी ते तिसऱ्या ओळीत भाषण व्हायला लागायचं. पाचव्या वेळी जे झालं ते बदनापूरच्या पोस्टातून पाठवलं. ते असं:

अक्का,

फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहितोय. दाजींचा खोकला कसा आहे?

वर्षश्राद्धाला मांडव नाही. माईक नाही. शाळेला नाही म्हणून सांगितलं आहे. भटजी, घरातली माणसं आणि शेजारची दोन घरं, एवढेच. मी काही बोलणार नाही. कुणी बोल म्हणालं तरी नाही.

जुलैत मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं, पण त्याने अजून वाईट झालं. तुला ते आधीच कळलं असतं. मला लोकांनी टाळ्या वाजवल्यावर कळलं. आता गावात आबा दगडफोडेच राहणार, मी काहीही सांगितलं तरी. हे माझ्याने निस्तरत नाही. तुला खोटी आशा दाखवायची नाही म्हणून लिहिलं.

माफी मागतो असं लिहिलं होतं, ते खोडलं. ती आबांची मागायची होती.

तुला एक विचारायचं आहे. हे मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. ते भाषण मी इतक्या वेळा केलं की आता मला खरे आबा नीट आठवत नाहीत. डोळे मिटले की ते ताटातली भाकरी माझ्याकडे सरकवताना दिसतात. मला भूक नाही, असं म्हणताना ऐकू येतात. त्यांचाच आवाज. असं कधी एकदा तरी झालं होतं का? का हेही मीच केलेलं आहे? नसेल झालं तर तसं सांग. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस.

परवा घरी हिने विचारलं, श्राद्धाच्या ताटात आबांच्या आवडीचं काय करायचं? मला सांगता आलं नाही. मी दोन दिवस आठवतोय. माझ्या भाषणातल्या आबांना काहीच आवडत नव्हतं, ते सगळं मला देऊन टाकायचे. लग्नातल्या जेवणाला नावं ठेवायचे ते आठवतं, पण घरी तू वाढलेल्या ताटातलं ते काय मागून घ्यायचे, ते आठवत नाही. मी शेजारीच बसलेलो असायचो.

त्यांना काय आवडायचं ते लिहून पाठव, म्हणजे ही करील. पण खरं म्हणजे तूच ये आणि तुझ्या हाताने कर. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आलीस तर बाजार मी तुला विचारून करीन.

तुझा
भाऊ